पॉलिश केलेले बूट

रॉबर्ट हेडन या अमेरिकी कवीची ‘दोज विंटर संडेज’ ही कविता जेमतेम १४ ओळींची. १९६२ च्या ‘अ बॅलड ऑफ रिमेम्ब्रन्स’ या संग्रहात ती आहे. तिच्यात घडतं फार थोडं. आठवडाभर राबून हात भेगाळलेला बाप रविवारीही अंधारात उठतो, थंडीत कपडे चढवतो आणि राखेखाली जपलेले निखारे फुलवतो. खोल्या उबदार झाल्या की मग मुलाला हाक मारतो. मुलाचे ठेवणीतले बूटही त्यानं पॉलिश करून ठेवलेले असतात. त्याचे आभार कुणी मानत नाही.

एवढंच असतं तर फादर्स डेच्या शुभेच्छापत्रावर ही कविता छापून मोकळं होता आलं असतं. पुष्कळजण ती तशीच वाचतात: थोर बाप, कृतघ्न मुलगा. पण मध्येच दाताखाली खडा येतो. मुलगा अंथरुणातून सावकाश उठतो, कारण त्या घरात मुरलेल्या रागाची त्याला धास्ती वाटते. ऊब आली तरी धास्ती जात नाही. राग नक्की कुणाचा? हेडन बापाकडे बोट दाखवत नाही. राग घराचा आहे, एवढंच सांगून पुढे जातो. ज्यांचं लहानपण भांडणाच्या घरात गेलं त्यांना हे उलगडून सांगावं लागत नाही. कोण कुणावर का ओरडलं ते पुढे विसरायला होतं. दार कसं आपटलं यावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखायची सवय मात्र राहते.

हेडन १९१३ साली डेट्रॉईटमध्ये जन्मला. आईवडील वेगळे झाले आणि शेजारच्या विल्यम आणि स्यू एलन हेडन या जोडप्यानं त्याला वाढवलं, आपलं नाव दिलं. घर गरीब, वाद नेहमीचे. मुलाची नजर अधू, त्यामुळे मैदान दूर आणि पुस्तकं जवळ. दत्तकविधान कायद्यानं कधी झालंच नव्हतं, हे त्याला मोठेपणी कळलं. म्हणजे हा बाप रक्ताचाही नव्हता आणि कागदावरचाही नव्हता. हे ठाऊक नसलं तरी कविता अडत नाही. ठाऊक झाल्यावर त्या बुटांपाशी मी जरा जास्त रेंगाळतो.

बापाला ‘थँक्यू’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. म्हटलंच तर तोच विचारील, ‘काय रे, बरं आहे ना?’ त्यामुळे आभार राहून गेले याची टोचणी आपल्याला तितकीशी लागत नाही. मला लागते ती कवितेतल्या दुसऱ्याच गोष्टीची. मुलगा त्या माणसाशी कोरडेपणानं बोलायचा. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘कधी निघणार?’ ‘बघू.’ मान वर न करता दिलेली असली उत्तरं आपल्याही घरांतून रोज दिली जातात. त्यांत भांडण नसतं, उद्धटपणाही नसतो. म्हणून तर माफी मागायलाही जागा उरत नाही.

हेडनचा मोठेपणा असा, की बापाचं प्रेम उमगलं म्हणून तो लहानपणची भीती खोटी ठरवत नाही. शेवटी मोठा झालेला मुलगा आपल्या अजाणतेपणाबद्दल एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारतो. पहिल्यांदा तो स्वतःची बाजू मांडतोय असं वाटतं, लहान होतो, कळत नव्हतं. दुसऱ्यांदा तीच सबब त्याला पुरत नाही.