लावा आणि खा

शास्त्रपाठ : यिर्मया २९:५



यरुशलेमेहून बाबेलास धरून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्यानें एक पत्र पाठविलें. ज्यांचें घर गेलें, शेत गेलें, त्यांस देव त्या परक्या देशांत वस्ती करण्यास, मळे लावण्यास व त्यांत पिकलेलें खाण्यास सांगतो. इंदापूर तालुक्यांत ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. १९८० सालीं उजनी धरण पूर्ण झालें आणि भीमाकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ अजून वर दिसतें. ज्यांनीं नव्या ठिकाणीं पुन्हा चूल मांडली, त्यांस बंदिवानांचें दुःख ठाऊक आहे.

ह्या वचनांतल्या दोन आज्ञा आज पाहूं : लावा, आणि खा.

लावण्याविषयीं नवलकोलाकडे पाहा. हा कोबीच्या कुळांतला, यूरोपांतून आलेला पाहुणा. पण आपल्या मातींत सुखानें रुजतो. पावसाळा सरतांना वाफ्यांत बीं टाकावें, चार-पांच आठवड्यांनीं रोपें वीतभर अंतरानें लावावीं. लागणीपासून सुमारें दोन महिन्यांत गड्डा तयार होतो. तो मुळाचा नव्हे, खोडाचा. जमिनीच्या वर, सर्वांच्या डोळ्यांदेखत फुगतो. तो लहान मुठीएवढा असतांनाच काढावा. आणखी मोठा होईल ह्या लोभानें ठेवला, तर जून होऊन काष्ठवत् होतो. देवाच्या पुष्कळ देणग्या आपण अशाच हातच्या घालवितों.

आतां दुसरी आज्ञा. येथें मला स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. एके वर्षीं माझ्या परसांत नवलकोल, गाजर, बीट व पालक चांगले आले. बाजाराच्या दिवशीं मीं सगळी पाटी विकली. त्या रात्रीं मुलें मिरचीच्या ठेच्याशीं भाकर खात होतीं. धाकट्यानें विचारलें, “आबा, आपली भाजी कुणी खाल्ली?” मला उत्तर देववेना. स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याविषयीं पौलानें तीमथ्यास काय लिहिलें (१ तीमथ्य ५:८), तें मीं मंडळीस अनेकदां वाचून दाखविलें होतें.

विकणें पाप नव्हे. मीठ, वह्या, औषध पैशानेंच येतें. पण पहिली जुडी घरच्या ताटाची. पालक व गाजर ह्यांपासून शरीरास अ जीवनसत्त्व मिळतें. त्याच्या अभावीं मुलांस रातांधळेपणा येतो. नवलकोलांत क जीवनसत्त्व आहे, आणि त्याचीं कोंवळीं पानेंही टाकूं नयेत; हरभऱ्याच्या डाळींत शिजवावीं.

त्याच बाबेलांत दानीएलानें राजाचें पक्वान्न नाकारून दहा दिवस भाजीपाला व पाणी मागितलें, आणि त्याचें तोंड इतरांहून टवटवीत दिसलें (दानीएल १). कर्ज काढून वाढलेल्या मेजवानीपेक्षां आपल्या वाफ्यांतली भाजी बरी. ती खाणारा कोणाचा मिंधा नसतो.

तालुक्यांत ऊस पुष्कळ आहे, पण उसानें ताट भरत नाहीं. उपदेशक बंधूंनो, प्रार्थनामंदिरामागें भांडीं विसळलेल्या पाण्यावर एक वाफा करा. त्यांतला पहिला गड्डा मंडळींतील विधवेच्या घरीं पोंचवा, दुसरा आपल्या लेंकरांस द्या. मग बाजाराची पाटी भरा. ज्या प्रभूनें भुकेल्या समुदायास गवतावर बसवून जेवूं घातलें, तो आपल्या ताटांस आशीर्वाद देवो. आमेन.