ऐकणाऱ्याचा हिशेब

मामूंचा इंतकाल झाला त्याला आता सहा वर्षे होत आली. चाळीसाव्याच्या दिवशी फातिहा झाली, पाहुणे पांगले आणि बारामतीच्या त्या घरात आतल्या खोलीत आम्ही घरचे चार-पाच जण बसलो. प्रश्न एकच होता. पलंगाखालच्या दोन लोखंडी पेट्यांचे काय करायचे?

पेट्यांत एकशे बेचाळीस लाँगप्ले रेकॉर्ड होत्या. त्यांतल्या तीसेक कव्वालीच्या आणि शास्त्रीय गाण्याच्या. बाकी सगळ्या जॅझच्या. एक बुजुर्ग नातेवाईक म्हणाले, "माणूस गेल्यावर सदका-ए-जारियाचा सवाब त्याला मिळत राहतो, तसाच गुनाह-ए-जारियाचा बोजाही वाढत राहतो. उद्या कोणी ही रेकॉर्ड वाजवली की तो हिशेब मरहूमच्या खात्यात. फोडून टाका, त्यांची सुटका करा." दुसरे म्हणाले, "फोडायच्या कशाला? पुण्याच्या जुन्या बाजारात चांगले पैसे येतील. ते मदरशाला द्या." गुन्ह्याची वस्तू विकून आलेला पैसा मदरशाला कसा चालेल, हे त्यांना कोणी विचारले नाही. मुमानी तेवढ्या म्हणाल्या, "वो सुनते थे तब तुम लोगांच बाजू में बैठ के चाय पीते थे ना?" सगळे गप्प झाले. पण बोजाची ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मी मुफ्ती नाही, उर्दू शाळेतला मुदर्रिस आहे. तरीही ज्या माणसाने मला बोट धरून मशिदीत नेले, त्याच्या कबरीवर माझ्या हाताने बोजा वाढत असेल, तर त्याचा विचार मलाच करायला हवा होता.

मामू १९६४ साली मुंबईच्या गोदीत लागले. जहाजातून उतरणाऱ्या मालाची मोजणी करून नोंद ठेवायची, हे त्यांचे काम. राहायला डोंगरीतली एक खोली. गोदीत त्यांच्याबरोबर गोव्याचे लोक होते. त्यांच्यातल्या एका मित्राने त्यांना धोबीतलावला नेले. तिथे गोव्याच्या खलाशांच्या 'कुडी' होत्या. एकेका गावाच्या लोकांनी चालवलेली, जहाज मिळेपर्यंत राहायची ही ठिकाणे. तिथे मामूंनी पहिल्यांदा जॅझ ऐकले आणि त्यांना ते अजिबात आवडले नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना जॅझ म्हणजे पंचतारांकित हॉटेलातले काहीतरी वाटेल. मुंबईत ते १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात आले हे खरे. पण ते वाजवणारे गोव्याचे गरीब घरचे वादक तेवढ्यावर पोट भरू शकत नव्हते. ते चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) जो ट्रम्पेट वाजतो, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले अँटोनिओ झेवियर वाझ होते. म्हणजे आपल्या आईवडिलांनी जॅझ ऐकले होते, फक्त त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. मुळात हे अमेरिकेतल्या गुलामांच्या वारसांचे संगीत. आपल्याकडे गवई बंदिश घेतो आणि त्यातून जागच्या जागी विस्तार करतो, तसेच जॅझचा वादक एक धून घेतो आणि प्रत्येक वेळी ती नव्याने रचतो. मैफल संपली की ते संपले. उरते ती फक्त रेकॉर्ड.

मामूंनी मग रेकॉर्ड जमवायला सुरुवात केली. काही खलाशांकडून घेतल्या, काही चोरबाजारातून. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये खोक्यासारख्या खोलीत उभे राहून रेकॉर्ड ऐकायची सोय होती. तिथे ते ऐकत जास्त आणि विकत कमी घेत. २०१६ साली ते दुकान बंद झाले तेव्हा मामू एखादा नातेवाईक गेल्यासारखे दिवसभर बोलले नाहीत. १९७८ साली रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा ते रात्रपाळी बदलून गेले होते.

रेकॉर्डच्या कव्हरवर मुसलमान नावे दिसली तेव्हा त्यांना भारी आनंद झाला. पियानोवादक अहमद जमाल, सॅक्सोफोनवादक युसूफ लतीफ. या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी इस्लाम कबूल केला होता. "अपने लोग निकले रे!" असे ते मला सांगत. पण पुढे हसून म्हणत, "तब मेरे को लगा, चलो, अब ये हलाल हो गया! कैसा पागल था मैं." वाजवणाऱ्याच्या नावाने वाद्य पाक होत नाही आणि नापाकही होत नाही, एवढे त्यांना स्वतःलाच उमगले होते. मग कशाने होते?

त्याचे उत्तर मला पेटीच्या तळाशी सापडले. तिथे गोदीतली एक जाड नोंदवही होती. मालाच्या नोंदीसाठी आखलेले रकाने. मामूंनी त्यांत उर्दूत आपली नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, रेकॉर्ड आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन ओळी. काही नोंदींपुढे फुली. आधी मला वाटले, संग्रहाची यादी असेल. ती यादी नव्हती. संग्रहातली एखादी रेकॉर्ड वहीत चाळीस वेळा येते, एखादी एकदाही येत नाही.

एकाच रेकॉर्डच्या नोंदी मी वेगळ्या काढल्या. जॉन कोल्ट्रेन यांची 'अ लव्ह सुप्रीम'. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली आणि १९६५ साली बाजारात आलेली. नशेच्या गर्तेतून १९५७ साली आपण बाहेर पडलो ती देवाची कृपा, असे मानणाऱ्या वादकाने शुक्राना म्हणून ती केली होती. चार भाग, जेमतेम तेहतीस मिनिटे. शेवटच्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर 'वाचली' आहे. शब्द कव्हरवर छापलेले, आणि वाद्यातून फक्त त्यांचे चढउतार.

मामूंच्या नोंदी अशा. १९७१: "शोर आहे. पैसे वाया गेले." १९७९: "दोस्तांना ऐकवली. त्यांना कळली नाही, मला बरे वाटले." यापुढे फुली. १९८४, मुलगी झाली त्या आठवड्यात: "पहिली बाजू तीनदा. दुसरीकडे गेलोच नाही." जानेवारी १९९३, डोंगरीत कर्फ्यू असताना: "लावली. ढोलाच्या आवाजाने दिल घाबरले. दोन मिनिटांत बंद." त्यानंतर अकरा वर्षे त्या रेकॉर्डची नोंद नाही. मग २००४, बारामती: "पाऊस. वीज गेली, अर्ध्यावर थांबली. वीज आल्यावर पुन्हा लावली नाही. अर्धी पुरेशी होती." आणि शेवटची, २०१७: "शेवटचा भाग. इशानंतर. आता समजते की हा माणूस मागत नाही, आभार मानतो आहे."

तबकडी तीच. तिच्यावरची आटी तसूभर बदललेली नाही. १९७१ साली तिच्यात जो शोर होता आणि २०१७ साली जे आभार होते, ते तबकडीत नव्हतेच, असे म्हणायचे का? तसेही म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या तबकडीतून ते निघाले नसते. ते तिथे होते, पण ते बाहेर येण्यासाठी ऐकणारा त्या ठिकाणी पोचावा लागला.

हा अनुभव मला शाळेतही येतो. आमच्याकडे रोज सकाळी इक्बालांची 'बच्चे की दुआ' म्हणतात. चाळीस मुले म्हणतात, त्यांतली निम्मी एकमेकांना चिमटे काढत असतात. मीही अनेकदा हजेरीचा विचार करत उभा असतो. पण एका वर्षी आमचा एक विद्यार्थी कालव्यात बुडून गेला. दुसऱ्या सकाळी तीच दुआ, तोच सूर, आणि मला शेवटपर्यंत उभे राहवले नाही. चिमटे काढणारेही त्या दिवशी गप्प होते. आठवड्याभरात आम्ही सगळे पुन्हा हजेरीकडे वळलो. दुआ बदलली नव्हती.

यावर आपल्या परंपरेत फार पूर्वी विचार झाला आहे. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, अख्खे प्रकरण लिहिले. ऐकणे दिलात नवे काही घालत नाही, जे आहे ते हलवते, हा त्यातला विचार. म्हणून ते सरसकट एक हुकूम देत नाहीत. ज्याच्यावर वासना स्वार आहे त्याला ऐकणे हराम. ज्याने वेळ घालवण्याची सवय करून टाकली त्याला मकरूह. ज्याला फक्त चांगल्या आवाजाचा आनंद मिळतो त्याला मुबाह. आणि ज्याच्या दिलात अल्लाहची मोहब्बत आहे त्याला मुस्तहब. चिश्ती बुजुर्गांनीही गाणारा कोण, ऐकणारा कोण, गायले काय जाते आणि वाद्य कोणते, या चार गोष्टी पाहायला सांगितल्या. हजरत निजामुद्दीन औलियांना समाअच्या प्रश्नावर गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर जबाब द्यावा लागला होता. म्हणजे हा वाद आमच्या घरातल्या पेट्यांपासून सुरू झालेला नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. गझालींनी फुंकून वाजवायची काही वाद्ये आणि तारांची वाद्ये यांना मुभा दिलेली नाही, कारण त्यांच्या काळी ती दारूच्या मैफलींची ओळख होती. सॅक्सोफोन त्यांच्याकडून पास होणार नाही. म्हणून मामूंच्या वकीलपत्रावर मी गझालींची सही घेत नाही. जे उलेमा संगीताला मुळातच नकार देतात, त्यांची बाजूही मी हसण्यावारी नेत नाही. मला गझालींकडून घ्यायची आहे ती एवढीच गोष्ट की प्रश्न वस्तूला विचारून भागत नाही, ऐकणाऱ्यालाही विचारावा लागतो.

आणि त्यापुढे मामूंच्या वहीने मला एक पायरी दाखवली. गझालींच्या चार प्रकारच्या ऐकणाऱ्यांना आपण चार वेगळी माणसे समजतो. वही सांगते की ही चारही एकाच माणसात राहतात. १९७९ साली दोस्तांसमोर मिरवणारा आणि २०१७ साली इशानंतर बसणारा, दोघे मामूच. इतकेच नव्हे, एका संध्याकाळी माणूस गफलतीने रेकॉर्ड लावतो आणि दुसरी बाजू येईपर्यंत त्याचे मन ठिकाणावर आलेले असते. कधी उलटही होते. मग "मी चांगल्या नीयतीने ऐकतो" असे एकदा ठरवून आयुष्यभराचा परवाना कसा काढणार? दर वेळी स्वतःला विचारावे लागते. आपल्याकडे याला मुहासबा म्हणतात. फुली मारलेल्या नोंदी हा मामूंचा मुहासबा होता.

जमवण्याचेही तसेच. कुराणशरीफच्या सूरह तकासुरमध्ये अधिकाधिकच्या हव्यासात गुरफटलेल्या माणसाला ताकीद आहे. जमवणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी, पुस्तके जमवणाऱ्या मास्तरांनीसुद्धा. मी मामूंना एकदा म्हटले होते, "यातल्या निम्म्या तुम्ही दहा वर्षांत वाजवल्या नाहीत. देऊन टाका ना." ते म्हणाले, "बेटा, वो मैं कल कौन रहूँगा उस के वास्ते रखेला है." तेव्हा मला ती सबब वाटली. अकरा वर्षांची ती मोकळी जागा पाहिल्यावर वाटत नाही. १९९३ साली त्यांनी ती रेकॉर्ड विकली असती तर २०१७ची नोंद झाली नसती. पण प्रत्येक साठेबाज हीच सबब सांगू शकतो, हेही खरे. धान्य दाबून ठेवणारा व्यापारीही 'उद्यासाठी' असेच म्हणतो. फरक मला एकच दिसतो: मागणारा दारात आला की हात उघडतो का? शेवटच्या वर्षांत मामूंनी वीसेक रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना देऊन टाकल्या. त्याही वहीत आहेत.

माझ्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या भावांकडे आता फोन आहे. त्यात जगातले जवळजवळ सगळे संगीत आहे, पेट्या नाहीत, साठा नाही. उदास असाल तर हे ऐका, खूश असाल तर ते, असे फोनच सुचवतो. पहिल्यांदा मला वाटले, चला, तकासुरमधून सुटका झाली. मग लक्षात आले की मामू जो प्रश्न स्वतःला विचारत होते, आज माझ्या दिलाची हालत काय आहे, तो आता फोन विचारतो आणि उत्तरही तोच देतो. शेवटचा रकाना भरायला कोणी उरत नाही.

पेट्या आम्ही फोडल्या नाहीत आणि विकल्याही नाहीत. कव्वालीच्या रेकॉर्ड इंदापूरच्या एका जाणकाराने मागितल्या, त्याला दिल्या. बाकी माझ्याकडे आहेत. ज्यांनी फोडायला सांगितले होते, त्यांचा राग अजून गेलेला नाही. ईदला गळाभेट होते, तो विषय निघत नाही.

वहीत पाने शिल्लक होती. मामूंच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढून मी माझ्या नोंदी सुरू केल्या. रेघेच्या वरचा हिशेब त्यांचा, खालचा माझा. बोजाबद्दलच्या त्या प्रश्नाला एवढेच उत्तर मला देता आले. पहिलीच नोंद अशी आहे: "पुण्याहून आलेल्या मित्राला दाखवण्यासाठी लावली. ऐकली नाही." तिच्यापुढे फुली आहे.