ऋण नेमकं कोणाचं?

दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या व्याख्यानात एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी ठासून सांगितलं, की परदेशी निघालेल्या परिचारिकांना आधी पाच वर्षं देशात सक्तीने काम करायला लावावं. देशाने त्यांना शिकवलं, ते ऋण फिटेपर्यंत त्यांच्या कागदांवर सही होऊ नये. आधाराला त्यांनी अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींचं नाव घेतलं. टाळ्याही पडल्या. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं, आणि त्यासाठी भगवतींना साक्षीला काढणं तर अधिकच.

भगवती 1960च्या दशकात इथेच, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका कराची कल्पना मांडली. गरीब देशातून श्रीमंत देशात गेलेल्या तज्ज्ञाच्या तिथल्या मिळकतीवर काही वर्षं जादा कर बसवायचा, वसुली त्या श्रीमंत देशाने करायची आणि पैसा संयुक्त राष्ट्रांमार्फत गरीब देशांच्या विकासाला लावायचा. यात कुणाला वेशीवर अडवण्याची गोष्टच नाही. माणूस जाणार, त्याला जाण्याचा हक्क आहे, हे धरूनच हा कर उभा राहतो; गेलाच नाही तर कर कशावर बसवणार? 2003मध्ये ते आणखी पुढे गेले. सीमा बंद करून माणसं थांबत नाहीत, तेव्हा सरकारांनी परदेशस्थ नागरिकांशी नातं जोडावं, त्यांच्याकडून कर घ्यावा आणि त्यांना मताचा अधिकारही द्यावा, असं त्यांनी लिहिलं. घेण्यासोबत देणंही आलं. व्याख्यानात यातलं फक्त घेणं उरलं होतं.

तरीही भगवतींची मांडणी परिचारिकेला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः डॉक्टर, इंजिनीअर, शास्त्रज्ञ होते, सरकारी खर्चाने शिकलेले. नर्सिंगमध्ये दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयासारख्या सरकारी संस्था मोजक्या आहेत. बहुसंख्य जागा खासगी महाविद्यालयांत आहेत आणि तिथली फी घरच्यांनी कर्ज काढून भरलेली असते. 2009 ते 2012च्या दरम्यान दिल्लीतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांनी संप केले, त्यात पगाराइतकाच संताप बॉण्डचा होता. नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाने ठेवून घ्यायची आणि सोडून जायचं तर पैसे मोजून सोडवून न्यायची, अशी ती रीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2016मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवलं, की पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांच्या खाली पगार नसावा. राजधानीच्या आसपास आजही किती नर्सिंग होम्स हे पाळतात, ते तिथल्या कुठल्याही सिस्टरला विचारून पाहावं. मग ऋण कोणाचं कोणावर?

आणि कागदांवरची सही म्हणाल, तर ती आधीच इतक्या ठिकाणी अडते, की आणखी एक कुलूप लावण्याची गरजच नाही. दिल्लीत काम करणाऱ्या परिचारिकेची नोंदणी दिल्लीच्या नर्सिंग परिषदेकडे. मेट्रोने यमुना ओलांडून नोएडात नोकरी धरली, की लखनौच्या परिषदेकडे. गुरुग्रामला गेली, तर पंचकुल्याच्या. आधीच्या राज्याची एनओसी, नव्या राज्याची फी, प्रत्येक वेळी. परदेशी अर्ज करताना जिथे जिथे नोंदणी झाली, तिथून पडताळणीचा कागद मागतात.

यवतमाळकडची एक मुलगी गुरुग्रामला आयसीयूत स्टाफ नर्स आहे. तिचे कागद मी टेबलावर मांडून पाहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या रिवाजाप्रमाणे आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या प्रमाणपत्रावर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परदेशी पडताळणी संस्थेला या तीन वेगळ्या बायका वाटल्या. मग प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, राजपत्रातली जाहिरात. हे सगळं तिने रात्रपाळ्या सांभाळून केलं, दर खेपेला गावाकडे भावाला पळवून. अतिदक्षता विभागात तिचे हात किती सफाईने चालतात, हे या सगळ्या प्रवासात कुणीही पाहिलं नाही.

मग परदेशातल्या परवाना परीक्षाही अडवणूकच म्हणायच्या का? तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि इथवरच्या माझ्या मांडणीला ते सोयीचंही होतं. पण ते मला पटत नाही. ब्रिटनची नर्सिंग परिषद आधी संगणकावर परीक्षा घेते आणि मग ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कृतीची: औषध देण्याआधी रुग्णाची ओळख पटवलीस का, ॲलर्जी विचारलीस का, ड्रेसिंग निर्जंतुक राहिलं का. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात गुण लागतात, लेखनात साडेसहा चालतात. रुग्ण काय सांगतो ते कळलंच पाहिजे, ही मागणी रास्त आहे. शिवाय आपल्या प्रमाणपत्रांवर कुणी डोळे झाकून का विश्वास ठेवावा? मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने नर्सिंग महाविद्यालयं तपासली, तेव्हा साठाहून अधिक अपात्र ठरली. आणि मे 2024मध्ये त्या तपासातलेच अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटकेत गेले. जिचे हात खरोखर शिकलेले आहेत, तिला अशा देशातून जाताना निष्पक्ष परीक्षा हाच आधार असतो.

व्याख्यानातल्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला मान्यच करावं लागतं. टंचाई खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारी तीनच्या निकषापुढे आपल्याकडे हजारी दोनच्या आसपास परिचारिका आहेत. पण अडवून टंचाई भरत नाही. फिलिपिन्सने 2020मध्ये वर्षाला 5,000 जणांची मर्यादा घातली, ती पुढे 6,500 आणि मग 7,500 केली. मधेच 2021मध्ये, ब्रिटन आणि जर्मनीने लशी दिल्या तर मर्यादा सैल करू, असा प्रस्ताव तिथल्या श्रम खात्याने मांडला. एकदा बाईच्या जाण्यावर सरकारची मालकी मानली, की तिचा सौदाही होतो.

भगवतींचा कर परिचारिकेच्या पगारावर बसवू नये, तिला नेणाऱ्यावर बसवावा. महाराष्ट्राने 2024मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. अशा प्रत्येक करारात, जितक्या परिचारिका न्याल तितक्यांच्या शिक्षणाचा खर्च इथल्या सरकारी नर्सिंग शाळांना द्या, ही अट हवी.

राहिला प्रश्न कागदांचा. 1930मध्ये ब्रिटिश जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढली, तेव्हा तो देशाचा अपमान ठरला आणि तीन वर्षांत इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला. परिचारिकांसाठी 1947च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोगाचा कायदा यायला 2023 उजाडलं. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तिच्यातल्या एका नोंदीवर दिल्ली, नोएडा, गुरुग्राम तिन्हीकडे नोकरी करता यायला हवी, आणि परदेशासाठी पडताळणी मागितली, तर ती तीस दिवसांत पाठवण्याचं बंधन परिषदेवर हवं, उशीर झाल्यास परिचारिकेची फी परत करण्यासकट.