आलं का नीट?

घरी गाणी रेकॉर्ड करायची तर कॉम्प्युटर कसा घ्यावा, हे नायगावातली पोरं मला अधूनमधून विचारतात. प्रोसेसर विचारतात, माइक विचारतात, हेडफोन विचारतात. मदरबोर्डचं नाव शेवटी निघतं, उरलेल्या पैशांत जो बसेल तो. मीही तसाच घेतला होता. नांदेडहून, वापरलेला, २,२०० रुपयांना. दुकानदार म्हणाला, ‘गाण्याला काय, कोणताही बोर्ड चालतो.’ नवा ७,५०० ला होता. वाचलेल्या पैशांतून मी माइकचा स्टँड आणि चांगली केबल घेतली आणि स्वतःवर खूश झालो.

मागच्या मे महिन्यात मोठ्या आत्याला समोर बसवलं. वय चौऱ्याहत्तर. पत्र्याची खोली, आवाज नको म्हणून पंखा बंद. तिला जात्यावरच्या ओव्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण किती येतात हे कुणालाच माहीत नव्हतं. समोर जातं नव्हतं, तरी तिचा उजवा हात गोल फिरत होता. चाळीस मिनिटं ती थांबली नाही. माझ्या आजोबांवरची एक ओवी म्हणाली, जी माझ्या वडिलांनीही कधी ऐकली नव्हती. मग पदरानं घाम पुसत विचारलं, ‘आलं का रे नीट?’

‘आलं की, आत्या.’

मी ऐकून बघितलं नव्हतं. स्क्रीनवर आवाजाची लाट दिसत होती, तेवढ्यावर बोललो.

रात्री हेडफोन लावले. पहिल्याच ओवीत ‘कट्’. मग दोन शब्दांनंतर परत. कुठं अर्धं अक्षर गेलं, कुठं सूर मध्येच तुटला. चाळीस मिनिटं तसंच.

झालं काय, ते जात्यावरूनच सांगतो. दळताना एक हात खुंटा फिरवतो, दुसरा जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे टाकतो. मूठ वेळेवर पडली नाही की दगडावर दगड घासतो. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि तेही मुठीमुठीनं उचलतो. या मुठीला बफर म्हणतात. मी तो १२८ वर ठेवला होता, म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक मूठ उचलली गेली पाहिजे. माझ्या बोर्डवरच्या वायफायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला त्याहून जास्त वेळ अडकवून ठेवायचा. सिनेमा बघताना, गेम खेळताना हे कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये गेलेली मूठ परत येत नाही.

‘म्हणू परत कधीतरी,’ असं मनाशी ठरवून मी गप्प राहिलो. दोन महिन्यांनी आत्याला अर्धांगवायू झाला. ती आता माणसं ओळखते, हसते. शब्द फुटत नाहीत.

मित्र म्हणाला, ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा. तुझा काय दोष?’ म्हण बरोबर आहे, पण ती म्हशीबद्दल आहे. ॲनेट बायर नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यात त्या भरवसा आणि विश्वास वेगळे काढतात. कांट रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा आणि शेजारी त्याच्यावर घड्याळ लावायचे. एखाद्या दिवशी तो उशिरा उठला असता, तर त्यांची गैरसोय झाली असती. पण त्यानं दगा दिला, असं कुणी म्हटलं नसतं. बोर्डाचं तेच. त्यानं मला दगा दिला नाही, देऊच शकत नाही. माझा त्याच्यावर भरवसा होता. आत्याचा मात्र बोर्डाशी काही संबंध नव्हता, तिला तो शब्दही माहीत नाही. तिनं विश्वास टाकला तो माझ्या ‘आलं की’वर.

बरं, ७,५०० चा घेतला असता तर? नावाला जागतील असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर बोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटत होते, त्यात मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांचे बोर्डही होते. आत भरलेला द्रवच सदोष होता. बोर्ड बनवणाऱ्यानं कपॅसिटरवाल्यावर भरवसा ठेवला, गिऱ्हाइकानं बोर्डवाल्यावर. पैसे देऊन या साखळीतली शेवटची कडी कुणालाच तपासता येत नाही.

म्हणून मी गरीब होतो, स्वस्तातलं घ्यावं लागलं, ही सबब मला पटत नाही. स्वस्त बोर्ड घेणं गुन्हा नाही. लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तासभर चालवलं असतं, तर वायफायचं नाव त्यानं सांगितलं असतं. बायोसमध्ये जाऊन वायफाय बंद करायला दोन मिनिटं लागतात. बफर १०२४ केला असता तरी बहुतेक निभावलं असतं, ओवीला कुठं लेटन्सी नडते! यातल्या एकालाही रुपया लागत नव्हता. निदान तिनं विचारल्यावर हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकायला हवं होतं. ती तिथंच बसली होती. पाणी पिऊन परत म्हणाली असती.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या अनेक आता ‘पारी’वर वाचता-ऐकता येतात. मी त्या ऐकतो तेव्हा गाण्याआधी रेकॉर्डरचा विचार मनात येतो. कुणीतरी तो आधी तपासला असणार.

दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत. बारीक कट् निघतात. पण जिथं अक्षरच गेलंय तिथं ते अंदाजानं भरतं. एका ओवीत आजोबांच्या नावातलं मधलं अक्षर त्यानं इतकं बेमालूम भरलं की मी घाबरलो. ती फाइल वेगळी ठेवलीय, कुणाला दिलेली नाही.

यंदा नवा बोर्ड घेतला. रंगीत दिवे नसलेला, बाजारात येऊन वर्ष झालेला, म्हणजे त्याच्या खोडी लोकांना माहीत झालेल्या. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक आहे का ते बघितलं, कारण आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते मला माहीत आहे. आणि बदलून मिळेल का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं. रात्रभर लेटन्सीमॉन चालू ठेवला, मग सलग तासभर रेकॉर्ड करून सगळं ऐकलं. पंख्याचा आवाज आणि कुत्री.

उद्या गल्लीतल्या एक आजी येणार आहेत. त्यांना सांगितलंय, म्हणून झाल्यावर लगेच उठायचं नाही, आधी मी ऐकणार.

आत्याकडे रविवारी जातो. मी गेलो की ती उजवा हात थोडा उचलते आणि माझ्या मोबाइलकडे बघते. तिला काय हवंय ते मला कळतं. मी दुसरंच काहीतरी लावतो.