गोड वासाचा धूर

डहाणू तालुक्यातल्या बोर्डीची हवा चांगली, असं म्हणत मुंबईची माणसं सुटीला इथे येतात. सुरूच्या बनात चटई अंथरतात, छाती भरून श्वास घेतात. पण ही हवा आपोआप चांगली राहिलेली नाही. डहाणूचं ५०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहणार, हे कळल्यापासून इथली माणसं हवेसाठी भांडत आली. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्या चिकूच्या वाड्यांचं आणि आपल्या मुलांच्या छातीचं काय, हे विचारत नर्गिस इराणी आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाने धुरातलं गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायला लावली आणि २००७ मध्ये ती सुरू झाली. न दिसणाऱ्या वायूसाठी एका तालुक्याने इतकी वर्षं दिली.

हे सगळं मला आठवलं ते डहाणू रोडहून घोलवडकडे येणाऱ्या गाडीत. दाराशी एक तरुण उभा होता. मुठीत मावेल अशी रंगीत नळी तो अधूनमधून ओठांना लावत होता आणि पांढरी वाफ डब्यात सोडत होता. वास पिकल्या आंब्याच्या गोळीसारखा. आईच्या मांडीवरची चारेक वर्षांची मुलगी तो वास कुठून येतो ते पाहायला मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होती. बिडीचा धूर आला असता तर तिने नाक दाबलं असतं, आईने तिला पदराआड घेतलं असतं आणि डब्यातलं कुणीतरी बोललं असतं. इथे कुणीच बोललं नाही. मूल मात्र धुराकडे ओढलं गेलं. या वेपमधली, म्हणजे ई-सिगारेटमधली, मला सर्वांत भीती वाटणारी गोष्ट हीच आहे.

‘नुसती वाफ तर आहे,’ असं ओढणारे सांगतात. ती पाण्याची वाफ नसते. नळीत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन घातलेलं द्रव्य असतं. बॅटरीवर तापणारी तार त्याचा फवारा करते. त्यात सूक्ष्म कण असतात, तापलेल्या तारेतून आलेले धातूंचे अंशही सापडतात. ओढणारा जे बाहेर सोडतो ते शेजारच्याच्या श्वासात जातं. निकोटिनची सवय कोवळ्या वयात फार लवकर जडते, कारण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी का आली, हेही आपण विसरलो आहोत. मुंबईचे मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला. न ओढणाऱ्यावर दुसऱ्याचा धूर का लादावा, हा त्यातला प्रश्न होता. जगण्याच्या मूलभूत हक्काशी न्यायालयाने तो जोडला. म्हणजे ही बंदी शेजारच्या माणसाच्या श्वासासाठी होती. पुढे २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नव्या नियमांनी उपाहारगृहं, कचेऱ्या, कँटीन अशा ठिकाणी बंदी नेमकी झाली. दंड २०० रुपयांपर्यंत. मात्र त्या कायद्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखूच्या धुराची आहे आणि सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून उघडी जागा वगळलेली आहे. बोर्डीचा किनारा ही उघडी जागाच.

ई-सिगारेटचा कायदा २०१९ चा. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. साठवण सोडून बाकी बाबतीत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः ओढणाऱ्याला मात्र त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. तेवढ्या फटीतून आज ही नळी गाडीत, हॉटेलात, सुरूच्या बनात राजरोस निघते. पण देशात जी वस्तू कुठेच कायदेशीर विकली जात नाही, ती हातात आली म्हणजे कुणीतरी कायदा मोडलेलाच असतो. पोरांनी एवढं तरी समजून घ्यावं.

इंग्लंडमध्ये जुन्या सिगारेटवाल्यांना सिगारेट सोडायला डॉक्टर वेपचा आधार घ्यायला सांगतात, हे खरं आहे. जळत्या सिगारेटपेक्षा वेपचा अपाय कमी, हेही तिथले वैद्य मानतात. पण त्याच देशाने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून टाकायच्या नळ्यांची विक्री बंद केली, आणि मुलांच्या हातात त्या गेल्या हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. ज्याने आयुष्यात कधी काडी पेटवली नाही, त्या नववीतल्या मुलाला आंब्याच्या वासाने निकोटिनकडे नेणं याला औषध म्हणता येणार नाही.

आपल्याकडे बिडी ओढणाराही वडीलधारं कुणी दिसलं की हात पाठीमागे घ्यायचा. कायदा येण्याआधीपासून ही भीड काम करत होती, कारण धूर लपत नव्हता. पेनसारखी, पेनड्राइव्हसारखी दिसणारी ही नळी दप्तरात, कंपासपेटीत राहते. शाळेपासून शंभर यार्डांवर तंबाखूबंदीची पिवळी रेषा आखतात. ती ओलांडून नळी वर्गात गेली तरी शिक्षकांना आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. बोर्डीला हे अधिक लागायला हवं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक याच गावात बालशिक्षणाचं काम घेऊन आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल भोवतालातून शिकतं, या विश्वासावर त्यांनी अंगणवाडी उभी केली. आज त्या भोवतालात आपण काय सोडतो आहोत?

म्हणून सांगणं एवढंच. गाडीत, खानावळीत, मुलांच्या शेजारी कुणी ही नळी काढली तर गप्प राहू नका. आवाज चढवायची गरज नाही. ‘दादा, इथे नको, पोरं आहेत,’ एवढं पुरतं. हॉटेल आणि घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांनी ‘धूम्रपान निषिद्ध’ या पाटीवर ‘वेपसुद्धा’ हा एक शब्द वाढवावा. घरात मुलाकडे नळी सापडली तर मारण्याआधी त्याच्याजवळ बसा. सवय लागली असेल तर ती नुसत्या धाकाने सुटत नाही. तंबाखूचं व्यसन सोडवण्यासाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६.