दोन, तीन, एक

अमरावतीत गाडगे नगरच्या बाजूला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणाऱ्या पोरांना इंग्रजी सर्वनामांचा एक नियम आकड्यांत पाठ असतो: दोन, तीन, एक. 'आय' हा प्रथम पुरुष, 'यू' द्वितीय, 'ही' किंवा 'शी' तृतीय. तिघं एका वाक्यात आले की समोरचा आधी, तिथे नसलेला मग, बोलणारा शेवटी. म्हणजे 'यू, ही अँड आय'. अकोल्याच्या क्लासमध्येही हेच शिकवतात. नियमाचा पुढचा भाग मात्र जास्त गमतीचा आहे. चूक कबूल करायची असेल तर क्रम बदलतो आणि एक, दोन, तीन होतो. आधी 'आय', मग बाकीचे. खुद्द इंग्रज रोजच्या बोलण्यात एवढं मोजत बसत नाहीत. स्वतःचं नाव शेवटी घ्यावं, इतकं ते मुलांना शिकवतात. दोषाचं कलम आपल्याकडच्या मास्तरांनीच जास्त मनावर घेतलेलं दिसतं, आणि बरंच केलं.

आपल्या बोलण्यात क्रमाची अशी अट नाही. 'मी अन् तू जाऊ' म्हटलं तर वऱ्हाडात कोणी उद्धट म्हणत नाही. त्यात इंग्रजीतला 'मी' कानाला आपल्या 'मी'सारखाच लागतो, पण काम करतो 'मले'चं. म्हणून 'मी अँड माय फ्रेंड वेंट' सहज तोंडातून निघतं. अशा वेळी मित्राला क्षणभर वाक्याबाहेर उभं करावं. 'मी वेंट' एवढंच उरतं आणि लगेच खटकतं. 'सर कॉल्ड माय फ्रेंड अँड आय' हे ऐटबाज वाटतं, पण मित्र हलवला की 'सर कॉल्ड आय' उरतं. तिथे 'मी'च हवा.

परीक्षा संपली की नियम वहीत राहतो, आणि घरात आपण नेमके उलटे वागतो. कपाशी चांगली पिकली की 'मी वेळेवर पेरली होती'. बोंडअळी आली की बियाणं खराब, दुकानदार खोटा, शेजाऱ्यानं फवारणी केली नाही. (बियाणं कधी कधी खरंच खराब असतं, तो भाग वेगळा.) याउलट, ज्यांच्या नावाचं ते गाडगे नगर आणि अमरावतीचं विद्यापीठ आहे, ते गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन झाडायला लागत. घाणीपुढे पहिला नंबर त्यांचा. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं तेवढं होतं. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ ते गेले, तोवर हा क्रम बदलला नाही.

आपल्याला एवढं जमणार नाही, पण आज कामावर थोडं करून पाहता येईल. साहेबांनी कामाचं कौतुक केलं तर सोबत बसणाऱ्याचं नाव आधी घ्यावं. फाइल अडली असेल तर 'दोन दिवस माझ्याकडेच पडून होती' असं म्हणून बोलायला सुरुवात करावी. असं बोललं की समोरच्याचा आवाजही बहुतेक वेळा उतरतो. मात्र सगळा दोष अंगावर ओढून घ्यायची गरज नाही. एकनंतर दोन आणि तीनही आहेतच, त्यांची नावं गळत नाहीत. तसंच कौतुकाच्या वाक्यात 'आय' शेवटी असतो, पण असतो. पाहुणे भरीत खाऊन तृप्त झाले की 'आत्याबाईंनी वांगी भाजली, जाऊबाईंनी मिरच्या ठेचल्या' एवढं सांगून गप्प होणाऱ्या सुनेनं 'अन् फोडणी मी देली' हेही म्हणावं.