अर्थाचे उत्तरदायित्व

संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत बंदिस्त नसतो, तो वाचनातून घडतो, ही भूमिका समीक्षेत आता रुळली आहे. मात्र वाचक म्हणून न्यायालय उभे राहते, तेव्हा या भूमिकेचा नैतिक कस लागतो.

लिऊ शियाओबो हे मुळात साहित्यसमीक्षक. चीनमध्ये मानवी हक्कांची व घटनात्मक शासनाची मागणी करणाऱ्या २००८ च्या 'सनद ०८'चे ते एक प्रमुख पुरस्कर्ते होते. २५ डिसेंबर २००९ रोजी बीजिंगच्या न्यायालयाने त्यांना ११ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पुरावा होता ही सनद आणि सहा लेख. त्यांतील विधाने सुटी करून 'राज्यसत्ता उलथविण्यास चिथावणी' असा त्यांचा अर्थ ठरविण्यात आला. निकालपत्रात नोंद झाली ती हे लेख किती वेळा उघडले गेले याची. अर्थ वाचकाने घडविला. शिक्षा लेखकाने भोगली. २०१७ मध्ये रुग्णालयात, पहाऱ्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या कवयित्री पत्नी लिऊ शिया यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. तरीही २०१० ते २०१८ त्या नजरकैदेत होत्या. तेथे सत्तेला वाचनाचे निमित्तही लागले नाही.

वाचक हा अर्थाचा निर्माता असेल, तर त्या अर्थाच्या परिणामांचे उत्तरदायित्वही त्याचेच ठरते. म्हणून असे निकालपत्र वाङ्मयबाह्य मानून समीक्षेला बाजूस सारता येणार नाही. तेही एक वाचनच आहे, आणि वाचनाची चिकित्सा हे समीक्षेचे पहिले कर्तव्य होय.